वाय

सभाघरातले दिवे मालवले होते. भिंतीलगतच्या गाद्यांवर पोरं आडवी झाली होती.

"रावीरी माझा सख्खा भाचा," हेमाना आजोबा म्हणाले. "खोटं वाटलं तर उद्या त्यालाच विचारा."

"आजोबा, झोपू द्या की!" काहू वैतागली. "मला सकाळी कॉलेजला परत जायचंय."

"झोप की मग. तुला कोण ऐक म्हणतंय?"

पोरं खिदळली. काहूने पांघरूण डोक्यावरून घेतलं, पण कान उघडाच ठेवला.

"गेल्या इस्टरची गोष्ट. शुक्रवारची रात्र. इथे मयताला माणसं जमलेली आणि टाकी कोरडी ठणठणीत. रावीरी पाण्याचा टँकर घेऊन निघाला. गढीच्या रस्त्याने."

पूर्वजांची ती गढी सगळ्यांना ठाऊक होती. गोऱ्यांच्या फौजेने तिला वेढा घातला, पाणी तोडलं. आतली बायकापोरंसुद्धा कच्चे बटाटे चावत लढली. कोरड्या घशाखाली घास उतरत नव्हता. पुढे सरकारने गढीच्या छातीवरूनच रस्ता काढला.

"चढावर इंजिन बंद पडलं. रावीरी खाली उतरला. टाकीमागून आवाज आला. लहान पोरीचा. 'वाय...?'"

वाय. त्यांच्या भाषेत म्हणजे कोण. कोणी असं विचारलं की काय सांगायचं, हे या घरातल्या प्रत्येक पोराला पाठ होतं.

"त्याने आपला डोंगर सांगितला. नदी सांगितली. आजोबा, पणजोबा... परत आवाज. 'वाय...' त्याने खापरपणजोबा सांगितले. 'वाय...' आता नुसता श्वास. मग..."

आजोबा थांबले.

काहू ताडकन उठून बसली. "वाय म्हणजे पाणीसुद्धा! पाणी मागत होती ती! पाण्याचा टँकर घेऊन उभा आणि पूर्वजांची नावं कसली सांगतोय?"

"त्याची आईही हेच म्हणाली. पाठीत धपाटा घालून." आजोबांचा आवाज उतरला. "इंजिन लागलं, तसा तो इथे आला. निम्मी टाकी रिकामी केली, तोच तिने त्याला माघारी पिटाळलं. चढावर त्याने नळ सोडला. पाणी धो धो पडलं. रस्ता ओला होईना. टाकी संपली... रस्ता कोरडाच."

"मग?" काहूने हळूच विचारलं.

"टँकरच्या पायरीवर बटाटा होता. कच्चा. चावलेला."

"घूस असेल," कोणीतरी पुटपुटलं.

"दात बारीक होते. माणसाचे... दुधाचे." आजोबांनी अंधारात स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं. "चाव्यात पुढच्या एका दाताची जागा मोकळी होती."