खुशीची खिरापत

दिवेलागणीला अजून अवकाश होता. अकोल्यात मोर्णेकाठच्या वस्तीच्या तोंडाशी रागिणी हातगाडीवर झेंडूचे हार ओवत बसली होती, तेव्हा आकांक्षा मॅडम आली. नदीकाठाच्या कामावरची ही पोरगी मनानं वाईट नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. कोजागिरीला नव्या घाटावर कार्यक्रम आहे, वस्तीला नदीशी जोडायचं आहे, तर इथल्या मुलींनी घाटावर भुलाबाई बसवावी आणि रागिणीनं पुढं व्हावं.

नदीशी जोडायचं! रागिणीच्या अंगाची लाही लाही झाली. अहो, ही वस्ती नदीला जोडलेलीच होती की! रागिणीची सासू याच पायऱ्यांवर मेथी-पालक धुवायची, बाया इथंच गौरी शिरवायच्या. मग सुशोभीकरण आलं. मध्ये दोन पुरुष उंच भिंत उठली, भिंतीला लोखंडी गेट, गेटला कुलूप. घाट झाला तो पलीकडच्या कॉलनीतल्या लोकांना फिरायला.

गेल्या वर्षी भुलाबाईच्याच दिवसांत आभाळ फाटलं. शहराचा नाला वस्तीत शिरला, गेटच्या गजांत कचरा अडकला आणि पाणी भिंतीला तुंबलं. त्याला नदीत उतरायला वाट एकच, ते गेट. लोकांनी ठेकेदार कुंदनशेठला फोनवर फोन केले. तो म्हणाला, किल्ली ऑफिसात आहे, सकाळी पाहू. सकाळी गेटच्या गजांना अडकलेली खुशी सापडली. रागिणीची धाकटी. मैत्रिणीकडं भुलाबाईची गाणी म्हणायला खिरापतीचा डबा घेऊन गेली होती. डबा काही सापडला नाही. चौकशीतही कुंदनशेठनं तेच सांगितलं, किल्ली ऑफिसात होती, आणि बेशरम सुटला.

मॅडमच्या तोंडावर नाही म्हणावं, असं रागिणीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण थोरली आरती अजून याच गल्लीत राहत होती आणि पाऊस पुढच्या वर्षीही येणारच होता. म्हणून ती म्हणाली, येतो आमी, पण त्या दिवसापासून गेट उघडं राहिलं पाहिजे. मॅडमनं घाटाच्या कामावरच्या मोठ्या साहेबांना विचारून शब्द दिला.

कोजागिरीच्या संध्याकाळी कुंदनशेठनं स्वतः कुलूप काढलं, हसून फोटो काढून घेतला. भुलाबाई बसली, गाणी झाली. मग खिरापतीची वेळ आली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. डब्यात काय आहे ते सांगायचं नाही. डबा हलवायचा, बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं आणि ज्या घरचा डबा त्या पोरीनं नाही किंवा बरोबर म्हणायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाहीत. ओळखली, की खिरापत खाऊन पोरी पुढच्या घरी जातात.

सगळे डबे झाले, तरी एक उरला. स्टीलचा, झाकणाला पोचा पडलेला. आरतीनं तो उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई... हा आपला हाये."

रागिणीनं हात लावला. डबा बर्फासारखा गार होता, त्याला गाळाचा वास येत होता. आत काहीतरी खुळखुळलं. कुंदनशेठला यातलं काय कळणार! तो मजेत म्हणाला, पेढे असतीन.

"नाई..."

आवाज भिंतीच्या वस्तीकडच्या अंगानं आला. तिकडं तर कोणीच नव्हतं, सगळी वस्ती घाटावर होती. कोणाचं तरी लेकरू असेल म्हणून लोक हसले. कुंदनशेठ म्हणाला, मग बर्फी.

"नाई..."

शेवटचं अक्षर असं लाडात ओढणारी एकच पोर होती. रागिणी आधी भ्याली. पण भीतीच्या वर संताप चढला. तिनं डबा कुंदनशेठच्या हातात कोंबला आणि सांगितलं, तुमीच ओळखा, तुमच्यासाठीच आला हाये. त्यानं झाकण ओढून पाहिलं. ते हललं नाही. डबा तिथंच टाकून तो उठला, आणि लोक बाहेर पडल्याबरोबर त्यानं गेटला पुन्हा कुलूप घातलं. मॅडमचा शब्द गेला वाऱ्यावर.

दिवाळीच्या आधी भर दुपारी तो वस्तीत आला, पायी. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली, काखेत तोच डबा. रोज दिवेलागणीला हा आपल्या स्वयंपाकघरात वाजतो म्हणे. फेकला तरी परत येतो. सगळ्या मिठाया म्हणून झाल्या, आता बायको माहेरी निघून गेली.

"तुमी सांगा ना, बाई... काय हाये यात?"

"तुमाले मालूम हाये," रागिणी म्हणाली. "तोंडानं म्हना."

त्यानं डबा जमिनीवर ठेवला. मग ओठ हलले.

"किल्ली... त्या रातीले माह्याच घरी होती. पावसात कोण निघते, म्हनून..."

"बरोबर," भिंतीमागून आवाज आला.

झाकण आपसूक उघडलं. आत गढूळ पाणी होतं आणि तळाशी किल्ली. रागिणीनं त्याला गेटपाशी ओढत नेलं, कुलूप काढायला लावलं आणि ते नदीत फेकून दिलं. त्याच्या नावानं तिनं जी बोटं मोडली, ती सगळ्या गल्लीनं ऐकली.

रिकामा डबा तिनं घासून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाजला.

"आई... ओळख ना..."

या वेळी काय आहे ते रागिणीला पहिल्याच आवाजात कळलं. शेंगदाण्याचे लाडू. त्या दिवशी तिनंच वळून दिले होते. पण ओळखलं, की पोर पुढच्या घरी जाणार. म्हणून ती म्हणाली, चिवडा. "नाई..." मग करंजी. "नाई..." रोज संध्याकाळी ती मुद्दाम चुकायची आणि लेकीचा आवाज ऐकून पदरात तोंड खुपसून रडायची.

उन्हाळा सरता सरता गेटला नवं कुलूप आलं. वस्तीतले लोक घाट घाण करतात, अशी कॉलनीवाल्यांची तक्रार होती. रागिणीनं किल्ली कोणाकडं आहे ते विचारलं. कॉलनीत, साहेबांच्या घरी, असं उत्तर मिळालं. आभाळ तर भरून यायला लागलं होतं.

त्या संध्याकाळी डबा वाजला, तेव्हा रागिणीनं आरतीला जवळ ओढून घेतलं आणि डब्याकडं पाहून खरं ते सांगितलं.

"शेंगदाण्याचे लाडू, माय."

आवाज भिंतीमागून आला.

"बरोबर..."

फळीवरचा डबा दिसेनासा झाला. मग भिंतीपलीकडं तो खुळखुळत कॉलनीतल्या साहेबांच्या घराच्या वाटेला लागला. त्याच्यामागून बऱ्याच पोरींची पावलं वाजत गेली. या वस्तीतून पुरात गेलेली पोर तर एकटी खुशीच होती; बाकीच्या कुठल्या कुठल्या कुलपांमागच्या, कोण जाणे.