एकोणतीस साते

आमच्या वर्गात प्रयोगाचं जर्नल दोन प्रकारे पूर्ण होतं. एक, प्रयोग करायचा. दोन, सीनियरचं जर्नल आणून उतरवायचं. सत्तरपैकी पासष्ट जण दुसऱ्या प्रकारातले आणि ते मला हसतात. मी रीडिंग बनवत नाही. चुकलं तर चुकलेलं लिहिते, आणि मार्क गेले तर जाऊ देते. याला माज म्हणायचं तर म्हणा.

पाचव्या सत्रात ॲनालॉग कम्युनिकेशनसाठी प्रत्येकाला एक छोटा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर बनवायचा होता. मी तो अकोट्यात, आमच्या घरीच जोडला. सामान रावपुऱ्याच्या बाजारातून आणलं. पुढच्या खोलीत माईक आणि ट्रान्समीटर, पॅसेज संपतो तिथे माझ्या खोलीत रिसीव्हर आणि हेडफोन. तत्त्व सोपं आहे. एक वेगवान लहर सतत जात असते, तिला वाहक म्हणतात. माणसाचा आवाज त्या लहरीवर बसून येतो. कोणी बोलत नसलं तरी वाहक चालूच असतो, फक्त रिकामा.

माईकपुढे बोलायला बाबा होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबांनी बत्तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे ‘हॅलो, टेस्टिंग’ असलं काही त्यांना शोभेना. ते पाढे म्हणायचे, एकवीसपासून तीसपर्यंत. एकोणतीसच्या पाढ्यात ‘एकोणतीस साते’ म्हणून थांबायचे. मी लहान असताना मुद्दाम थांबायचे, मी उत्तर द्यावं म्हणून. आता सवयच पडली होती. मी आतून ‘दोनशे तीऽन’ असं शेवटाला लांबवत ओरडायची, तेव्हा गाडी पुढे सरकायची.

त्या दिवसांत मला प्रयोगापेक्षा बाबांची काळजी जास्त होती. जिना चढताना ते मध्येच थांबून मोबाइल बघायचे. मोबाइलमध्ये बघण्यासारखं काही नसायचं. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली होती.

“दिवाळी जाऊ दे, मग बघू,” बाबा म्हणायचे.

“आणि तोवर काही झालं तर?”

“काय व्हायचंय? तुझं सबमिशन होऊ दे ने आधी.”

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता पहिली चाचणी घेतली. आवाज स्वच्छ आला. बाबा ‘एकोणतीस साते’ म्हणून थांबले. हेडफोनमध्ये मला माझाच आवाज ऐकू आला, “दोनशे तीऽन.” मग मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “दोनशे तीऽन.”

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पुन्हा लावला.

मंगळवारी स्टॉपवॉच घेऊन बसले. हेडफोनमधले बाबा दाराबाहेरच्या बाबांच्या चार सेकंद पुढे होते. मी फरकाच्या रकान्यात तेच लिहिलं. बुधवारी कॉलेजात कौशल्याबेनना जर्नल दाखवलं. त्या आम्हाला हा विषय अर्ध्या गुजरातीत शिकवतात. त्यांनी चष्मा वर केला.

“आउटपुट इनपुटच्या आधी? देवश्री, बेटा, वायर ऊंधी लगावी छे. फरी कर.”

वायर उलटी लावली तरी असं होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. पण दुसरं काय म्हणणार?

बुधवारी संध्याकाळी फरक अर्ध्या मिनिटाचा झाला. माझं उत्तर माझ्या कानात वाजून गेलं होतं. आज बोलायचंच नाही, असं मी ठरवलं. रीडिंग खोटं पाडायची याहून सोपी रीत नव्हती. मी ओठ घट्ट मिटून बसले. बाहेर बाबा अडले आणि थांबून राहिले. मग हळूच म्हणाले, “देवू?” त्या आवाजाला काय झालं होतं कोण जाणे, पण माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं.

गुरुवारी हेडफोनमध्ये सत्तावीसच्या पाढ्यात दाराची घंटा वाजली. बाबा म्हणाले, “या शालिनीताई, बसा. मुलीचं काम चाललंय.” शालिनीताई आमच्या शेजारच्या. मी पॅसेजमध्ये जाऊन पाहिलं. दार बंद होतं आणि बाबा एकटेच निवांत बावीसचा पाढा म्हणत होते. कोणी आलं नाही. तेही मी लिहून ठेवलं, वेळेसकट.

शुक्रवारी हेडफोन लावला आणि काहीच आलं नाही.

ट्रान्समीटर बंद नव्हता. तो बंद असला की नुसती खरखर येते. वाहक चालू होता. पुढच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. भिंतीवरच्या घड्याळाने पाच ठोके दिले. पण बाबा नव्हते. मी कान देऊन त्यांचा श्वास शोधत राहिले. बऱ्याच वेळाने कुलपात किल्ली फिरली, दार उघडलं आणि कोणीतरी एकदाच हसलं. बाईचा आवाज होता. रडल्यासारखं हसणं.

त्याच वेळी दाराबाहेर, खऱ्या खोलीत, सत्तावीसच्या पाढ्यात घंटा वाजली.

“या शालिनीताई, बसा,” बाबा म्हणाले. “मुलीचं काम चाललंय.”

काल हेडफोनमध्ये ऐकलेलं आज घडत होतं; मग आजची बाबांविना खोलीही येणार होती. भीती म्हणतात ती हीच. मी बाहेर गेले आणि शालिनीताईंसमोरच बाबांना म्हणाले, “उद्या सकाळी हॉस्पिटलला जायचं. दिवाळी गेली उडत.” बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “बरं.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाद घातला नाही.

अँजिओग्राफीत हृदयाच्या तीन नसा तुंबलेल्या निघाल्या. त्यातली एक जवळजवळ पूर्ण. बुधवारी ऑपरेशन झालं. गुरुवारी रात्री त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं, आणि परिचारिकेला विचारलं की तिला किती पाढे येतात.

शुक्रवारी मी त्यांचा चष्मा आणि कपडे न्यायला घरी आले. किल्ली फिरवून दार उघडलं. गडबडीत पंखा चालूच राहिला होता. ट्रान्समीटरचा लाल दिवाही. घड्याळात पाच वाजून गेले होते, आणि माईकपुढची खुर्ची रिकामी होती.

म्हणजे ती हीच खोली होती. बाबा नव्हते, कारण मी त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. मला हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. एकदाच हसले. मग तो आवाज ओळखीचा वाटला आणि मी तोंडावर हात ठेवला.

सेटचं बटण बंद केलं आणि त्याच्यावर टॉवेल टाकला.

महिन्याभराने सबमिशन आलं. शेवटचं रीडिंग राहिलं होतं. मी म्हटलं, सोडून देते. बाबा ऐकेनात. “माझ्यामुळे तुझं जर्नल अर्धवट राहिलेलं मला चालणार नाही,” म्हणाले आणि छातीला उशी धरून माईकपुढे जाऊन बसले.

मी हेडफोन लावला.

बाबांचाच आवाज होता. पण घोगरा, दमलेला. दर ओळीनंतर श्वास घेत होते. बाहेर बसलेल्या बाबांपेक्षा फार म्हातारे वाटले. किती, ते मोजायला माझ्याकडे साधन नव्हतं. मला आधी बरंच वाटलं. इतकं आयुष्य आहे तर.

“एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते…”

ते थांबले.

पंखा फिरत होता. घड्याळ चालत होतं.

आतून कोणी बोललं नाही.

त्यांनी हाक मारली नाही. वाटही पाहिली नाही. नेहमीचंच असल्यासारखं, शेवटाला लांबवत, माझ्या लकबीत, ते स्वतःच म्हणाले, “दोनशे तीऽन.”

आणि पुढे गेले.

मी हेडफोन काढला. पॅसेजमधून खरे बाबा ऐकू येत होते, उत्साहात, मोठ्याने.

“एकोणतीस साते…”

थांबले. माझ्यासाठी.

“दोनशे तीऽन,” मी ओरडले. आवाज नीट निघाला.

पाढा संपला. खुर्ची सरकली.

“आलं का गं स्वच्छ?”

“हो बाबा. स्वच्छ आलं.”

“मग लिही ने लगेच. राहून जाईल.”

मी जर्नल उघडलं, तारीख घातली, आणि फरकाच्या रकान्यात शून्य लिहिलं.