खुणेची ओळ

"ओ दादा, लेबलं झाली का?"

गंगापूर रोडवरच्या त्या प्रिंटिंगच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसलेल्या तरुणानं मान वर केली. डोळे मिश्कील, चेहरा मात्र अगदी गंभीर.

"राखीपौर्णिमा तोंडावर आलीय. जरा जपून हाक मारा ना... मयुरेश म्हणा."

सृष्टीला हसू आलं, पण हसायला सवड कुठे होती? चांगली नोकरी सोडून तिनं राख्यांचा व्यवसाय मांडला होता. पहिलंच वर्ष. शहरातल्या बहिणींच्या राख्या आज संध्याकाळच्या कुरिअरनं खेड्यापाड्यांतल्या भावांकडे निघायच्या होत्या. त्या वेळेत पोचल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी तिला कोण विचारणार?

मयुरेशनं स्क्रीन तिच्याकडे वळवला. लेबल देखणं होतं – वर भलामोठा लोगो, चारी कडांना वेलबुट्टी, आणि मधे नाजूक अक्षरांत पत्ता.

"यातलं 'मारुतीच्या पाराशेजारी' कुठे गेलं?"

"पत्ता चौकटीत मावेना, म्हणून सगळ्या खुणा काढल्या. गाव आहे, पिनकोड आहे... आणखी काय लागतं?"

"तुम्ही कधी आमच्या सटाण्याकडे आलायत? खूण नसली तर राखी गावात पोचेल, घरात नाही!"

तो काही बोलायच्या आत तिनं स्टूल ओढलं आणि माउस हातात घेतला. बोटांना बोटं लागली... दोघांनीही लक्षात न आल्याचं सोंग केलं. वेलबुट्टी उडाली. लोगो आकसून कोपऱ्यात गेला. भावाचं नाव वर, ठळक. त्याखाली डाव्या कडेला सरळ पत्ता. खुणेला स्वतंत्र ओळ. तळाशी बारीक अक्षरांत, प्रेषक म्हणून तिच्या सटाण्याच्या घरचा पत्ता, खुणेसकट.

"माझी वेलबुट्टी!" त्यानं छातीवर हात ठेवला. "सकाळभर खपलो होतो हो!"

"छान होती. पुढच्या वर्षी पाकिटांवर छापू."

"म्हणजे पुढच्या वर्षीही येणार?"

तिनं घाईघाईनं प्रिंटचं बटण दाबलं. कान मात्र तापले.

पहिला कागद छापून आला. वरची लेबलं नीट बसली होती, पण खाली खाली मजकूर सरकत गेला होता. शेवटच्या रांगेत तर पत्ते दोन स्टिकरांवर चिरले होते. तिचे डोळे भरून आले.

"अहो, रडताय काय! प्रिंटर आगाऊपणानं पान लहान करून छापतोय." त्यानं सेटिंगमधली एक टिक काढली.

पुन्हा कागद सरकला. प्रत्येक पत्ता आपापल्या स्टिकरवर! मग कुरिअरची गाडी येईपर्यंत दोघं शेजारी बसून, एकमेकांना चिडवत, लेबलं चिकटवत राहिले.

पौर्णिमेला सृष्टी सटाण्याला घरी होती. फोन थांबेना. घोटीहून, पेठजवळच्या पाड्यावरून... "ताई, राखी भेटली. लय भारी!" एकही पाकीट परत आलं नाही. कुसाआत्यानं तिची दृष्ट काढली. सृष्टी आनंदानं नुसती तरंगत होती. एक फोन तेवढा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं.

"कोन शे, भाऊ?" आत्यानं विचारलं.

"भाऊ नका म्हणू, आत्या!"

तो आवाज ऐकून सृष्टी धावतच बाहेर आली. मयुरेश उन्हानं लालबुंद होऊन उभा होता.

"घर... कसं सापडलं?"

"'पिवळ्या गिरणीच्या मागे.' एकालाच विचारलं, थेट दारात आलो. तुम्ही जिंकलात."

"मग काल का नाही आलात?"

तो अडखळला. "काल... राखीपौर्णिमा होती ना. आधी सांगा, घरात एखादी राखी उरलीय का?"

"एकही नाही."

"मग सांगतो. सृष्टी, मला तू आवडतेस. फार आवडतेस."

"मलाही तू..." इतक्या दिवसांचं अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं. "आत ये ना, मयुरेश."

दारामागून आत्याचं हसू फुटलं. "बरं बा, नई म्हनस भाऊ!"