मागच्या जिन्यात

यात पदरचं काही घातलेलं नाही. बजाजनगरात कुणालाही विचारा, गेल्या उन्हाळ्यातली ती आग सगळ्यांना आठवते. जिन्यात काय दिसलं, ते मात्र फार कुणी बोलत नाही.

राजेंद्रची तिथं चार मजली इमारत आहे. खाली दुकानं, वर वाळूजच्या कंपन्यांत जाणारे भाडेकरू आणि सगळ्यात वर तो स्वतः, बायको करुणा आणि आई-वडील. जिने दोन. पुढचा अरुंद, रोजच्या वापरातला. मागचा चांगला ऐसपैस, आग लागली तर उतरायला म्हणून बांधलेला.

पण ऐसपैस जागा रिकामी पाहवेल तो मालक कसला? राजेंद्रनं मागच्या जिन्याला तळाशी लोखंडी जाळीचं दार बसवलं, कुलूप घातलं आणि आत दुकानदारांना खोकी भरू दिली. तपासणीचे साहेब येणार असले की जिना मोकळा व्हायचा. साहेबांची पाठ फिरली की पुन्हा खोकी.

वडील, धोंडिबा अण्णा, सगळं आयुष्य कंपनीत काढलेले. ते चिडायचे.

"साहेबाला दाखवायला जिना हाय. मंग माणसानं कुठून उतरायचं?"

"लिफ्ट हाय की, अण्णा," राजेंद्र हसून म्हणायचा.

आणि एके दिवशी अण्णा गेले. झोपेतच. चौथ्या मजल्यावर.

त्यांना आडवं लिफ्टमध्ये घेता येईना. पुढच्या जिन्याच्या वळणावर धरणारी माणसंच अडकायला लागली. मागच्या जिन्यात छतापर्यंत खोकी.

कुणीतरी म्हणालं, खुर्चीवर बसवून न्या.

बसवलं. लाल प्लॅस्टिकची खुर्ची. छातीभोवती करुणाची ओढणी बांधली. मान पडू नये म्हणून राजेंद्रनं हनुवटी धरून ठेवली.

लिफ्टमध्ये दोघंच. बाप आणि मुलगा.

राजेंद्र वरच्या आकड्यांकडे बघत राहिला. चार... तीन... दोन...

त्याला रडू आलं नाही. जलदान विधीलाही आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं.

खुर्ची स्मशानातच सोडून दिली होती. हे तेवढं लक्षात ठेवा.

विधी झाल्यावर थोड्या दिवसांनी, भर दुपारी, राजेंद्र जेवायला बसला होता. मागच्या जिन्यातून आवाज आला...

खर्रर्र...

खुर्ची फरशीवरून ओढल्यासारखा. मग शांतता. मग पायरीवर काहीतरी टेकल्यासारखं... टक्.

"उंदरं असतील," करुणा म्हणाली. पण तिचाही घास हातातच राहिला होता.

राजेंद्र उठला. खाली येऊन कुलूप काढून आत गेला. आणि...

खोकी भिंतीला सरकवलेली होती. वरपासून खालपर्यंत. मधून वाट मोकळी. चौघांना खांदा देऊन उतरता येईल एवढी.

त्यानं दुकानदाराला फोन लावला.

"मी कशाला हात लावू, भाऊ? किल्ली तुमच्यापाशीच असती की."

राजेंद्र आल्या पावली घरात परतला. भूत-बीत मानणारं त्यांचं घर नव्हतं. अण्णांनीच तसं शिकवलं होतं. पण त्या गडबडीत कुलूप लावायचं राहून गेलं.

दुसऱ्याच दुपारी पुढच्या जिन्याखालच्या मीटरच्या पेटीनं पेट घेतला.

लिफ्ट बंद पडली. पुढचा जिना काळ्या धुरानं भरला. राजेंद्र खाली दुकानांपाशी होता. वर आई, करुणा, भाडेकरूंच्या बायका-पोरं आणि रात्रपाळी करून झोपलेली माणसं.

तो पुढच्या जिन्याकडे धावला, पण धुरानं मागं फिरवलं.

तेवढ्यात मागच्या दारानं माणसं बाहेर पडायला लागली. खोकत, पोरं कडेवर घेऊन. सगळ्यात शेवटी करुणा, आईला धरून.

बंब आला. बंबावरच्या साहेबांनी विचारलं, "वर कोणी राहिलंय?"

"नाय साहेब. सगळे आले," राजेंद्र म्हणाला.

"नाय कसं, भाऊ?" नवा भाडेकरू गोकुळ पुढं झाला. तो अण्णा गेल्यावर राहायला आला होता. त्यानं त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

"एक आजोबा हायेत की वर. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, लाल खुर्चीत बसलेत. मी म्हनलं, चला. तर म्हनले..."

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"म्हनले, तुम्ही व्हा पुढं. मला न्यायला चौघं येणार हायेत."



राजेंद्रनं करुणाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

आई, केसरबाई, भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "मी लई ओढलं रे त्यांना. उठंनातच."

जवान वर गेले. आग विझवली, एकेक खोली पाहिली. वर कुणीही नव्हतं.

येताना मात्र ते एक खुर्ची घेऊन आले.

लाल खुर्ची. काजळीनं काळी पडलेली. फक्त बसायची जागा आणि पाठ टेकायची जागा... स्वच्छ होती.

"आजोबा कुठायत?" गोकुळनं विचारलं. "नुसती खुर्चीच आणली व्हय?"

आता मागच्या जिन्यात काडीसुद्धा नसते. जाळीचं दार राजेंद्रनं स्वतः उभं राहून तोडून घेतलं. आग विझवायची नवी नळकांडी, दिवे, बाणांच्या पाट्या, सगळं जिथल्या तिथं आहे. आवाजही पुन्हा आला नाही. पण राजेंद्र त्या जिन्यात पाऊल टाकत नाही. रडू त्याला अजूनही आलेलं नाही, आणि करुणाला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

परवा तपासणीचे साहेब आले होते. वरपासून खालपर्यंत जिना पाहून खूष झाले. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "जिन्यात काही ठेवलेलं नाही ना आता?"

राजेंद्रची नजर वर, तिसऱ्या मजल्याच्या वळणाकडे गेली. त्यानं तोंड उघडलं. नाही, एवढंच तर म्हणायचं होतं.

ते त्याला म्हणता आलं नाही.