थंड भाताचं झाकण

तीन वर्षं परदेशात मनाचे आजार शिकून मी जपानला, आकिताच्या घरी परतले, ती पेटूनच. दाबलेलं दुःख माणसाला आतून खातं, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. आणि पहिला रोगी घरातच होता: माझी आई!

एइसाकुदादा लढाईवर निघाला तेव्हा सारं गाव स्टेशनात झेंडे हलवत होतं. आई हसली. वर्षाने अस्थींची पांढरी पेटी आली, आत नुसता दगड. आईने वाकून आभार मानले. रडणाऱ्या आईला गाव नावं ठेवायचं.

तेव्हापासून आठ वर्षं ती रोज दुपारी त्याचं पान वाढत होती. आमच्याकडे दूर गेलेल्या माणसासाठी वाढतात तसं. भाताच्या वाडग्याचं झाकण आतून ओलं निघालं, की माणूस जिवंत.

"अगं, गरम भाताची वाफच ती!" मी म्हणाले.

"एवढं शिकलीस मिने, पण तांदूळ काही धुता येत नाहीत तुला."

दुसऱ्या दिवशी ती घरामागे बर्फ ओढत असताना मी दादाच्या वाडग्यात कालचा गारठलेला भात भरला. झाकण कोरडं पुसलं. आज झाकण कोरडं निघेल. आई रडेल. सुटेल!

आई आली, पानासमोर बसली. छपरावरून बर्फ घसरला आणि घर एकदम शांत झालं. मिसोच्या कढणाच्या वासात कसलातरी ओला, समुद्रासारखा वास मिसळला...

तिने झाकण उचललं. भातावर थेंब टपटपले.

"आई... भात थंड होता. मीच..."

"माहीत आहे. मी तरी कुठे गरम वाढते? स्वतःला फसवायला खुळी आहे का मी?"

"मग हे पाणी..."

"चाखून बघ."

खारट होतं.

"पेटी आली त्याच दिवशी कळलं मला, तो गेला ते," ती पुटपुटली.

"मग रड ना, आई! एकदा रड!"

"डोळ्यांत येतच नाही गं. सगळं इथं जातं." तिने झाकण शांतपणे पुसलं. "तू तरी कुठे रडलीस? हसत हसत झेंडा हलवत होतीस. तू परदेशी होतीस तेव्हा तुझंही पान वाढायचे मी..."

तिने फळीकडे पाहिलं. तिथे माझं रिकामं वाडगं होतं, झाकण घातलेलं. मी आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

आत काहीतरी ठिबकत होतं.