रिकाम्या पाळण्यापुढची अंगाई

"रिकामा पाळणा हलवू नये गो. आन् त्याच्यापुढं अंगाईबी लावू नये."

सासूबाई, विमलबाई, दारातून बजावत होत्या. कडेवर सात महिन्यांचा ऋत्विक.

"आई, लॅपटॉपला कुठं कळतंय पाळणा रिकामाय ते!" प्रणिता हसली.

"लॅपटॉपला नसंल कळत..." एवढंच पुटपुटून त्या निघाल्या.

कुणाला पटो न पटो, हे घडलंय. गेल्या माघात, रोह्यात. आणि भर दुपारी.

विमलबाई नातवाला घेऊन पेणजवळ हमरापूरला भावाकडे गेल्या. नवरा धनेश धाटावला, कंपनीत. कितीतरी दिवसांनी दुपार मोकळी मिळाली, म्हणून प्रणितानं लॅपटॉपवरची गाणी आवरायला घेतली. कॉलेजपासूनचा सगळा पसारा, निम्म्या गाण्यांना नावंच नाहीत. आधी अंगाया. ऐकायची आणि स्टार द्यायचे. जिनं ऋत्विक पटकन झोपतो तिला पाच, जिनं टक्क जागा राहतो तिला एक.

तिसरी अंगाई लागली...

आणि मधल्या खोलीत पाळण्याची कडी वाजली.

कुर्र... कुर्र...

पंख्याचा वारा असेल.

पण लाइट तर मघाशीच गेली होती.

तिनं गाणं थांबवलं. कडी थांबली.

लावणी लावली. शांत.

पुन्हा तीच अंगाई...

कुर्र... कुर्र...

गाण्याच्या ठेक्यावर.

तिनं घाईघाईनं त्या अंगाईला एक स्टार दिला आणि लॅपटॉप मिटला.

तशी आत एक मूल रडलं.

ती धावली. पाळण्यात कुणीच नव्हतं. रडणं मात्र तिथूनच येत होतं. आणि प्रणिताला पान्हा फुटला...

काय करावं सुचेना. तिनं लॅपटॉप उघडला, अंगाई लावली. रडणं थांबलं.

स्क्रीनवर त्या अंगाईपुढे पाच स्टार होते.

तिनं हमरापूरला फोन लावला.

"आई, ऋत्विक कुठंय?"

"हाय की, माझ्या मांडीवर. लय रडला, आत्ताच झोपलाय. पण गो... पोराचं वजनच लागत नाय."

प्रणितानं गाणं खाडकन बंद केलं.

फोनमधून ऋत्विकची किंकाळी आली. मधल्या खोलीत कडी गप्प झाली.

त्याच संध्याकाळी धनेशनं पाळणा उतरवला. एकूण एक अंगाई डिलीट केली. "वारा असंल गं," म्हणाला. पण तिच्याकडे बघून नाही.

आता ऋत्विक आईशेजारी गादीवर झोपतो. गाण्याशिवाय. निजवताना ती त्याला अगदी कुशीत घेते. पण पहाटे तो भिंतीला चिकटलेला असतो. दोघांच्या मधे जागा सोडून.

एका बाळापुरती.

त्या जागेवर हात ठेवायची हिंमत प्रणिताला अजून झालेली नाही.

तुमच्याही घरात तान्हं बाळ असेल तर वाचणं थांबवा. ते झोपलंय तिथं जा आणि एकदा बघून या...

गादीच्या मधोमधच झोपलंय ना?