तिसऱ्या जोडीतली तार

मी थापाडी बाई हाय. आधीच सांगते.

आमच्या गावच्या, निमोण्याच्या पारावर बसून मी लय भुतं उठवली. ओढ्यातली, चिंचेवरची. एकाला तर एसटीच्या टपावर बसवून शिरूरपतोर नेलं व्हतं. सगळी खोटी.

पण आज नात दीक्षाला जे टाईप करायला सांगतेय, त्यातलं मी काय बी रचलं न्हाई. रचलं असतं, तर शेवट बरा केला असता.

गेल्या सालचा मार्च. दौंड. आन् रात्र न्हवं... टळटळीत दुपार.

माझा नातू धम्मदीप कुरकुंभला कंपनीत कामाला. रातपाळी. दौंडात मुक्ताबाईच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतलेली. पोराच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून मी त्याच्याजवळ जाऊन राहिले. रात्री कंपनी, दिवसा झोप, सांजच्याला गाणं.

चौदा एप्रिलला निमोण्यात जयंतीला गायचं व्हतं त्याला. त्याचा आज्जा, म्हंजी आमचे मालक साहेबराव, तिथंच तीस वर्सं गायले. त्यांच्या जागी दीप पहिल्यांदाच उभा राहणार व्हता.

त्यासाठी त्यानं गिटार आणली. रेल्वेतल्या एका रिटायर गार्डाकडनं. माझ्या लग्नाच्याही आधीची. पॉलिशला बारीक भेगा, आतनं जुन्या कपाटाचा वास. आन् तारा किती? बारा!

"एवढ्या तारा? कपडे वाळत घालायच्यात का रं?"

"आज्जे, जोड्या हायेत. सहा जोड्या. तू नुसती ऐक."

वाजवली त्यानं. आन् खोली भरली. एकजण वाजवतोय आन् दोघं ऐकू येत्यात, असं वाटलं.

पण तिसऱ्या जोडीतली बारीक तार टिकंना. खुंटी पिळली की तुटायची. तसली तार दौंडात मिळंना, शिरूरात मिळंना. पुण्यावरनं मागवली, ती बी तुटली.

तवा मी डोकं चालवलं. घात तिथंच झाला.

साहेबरावांचं तुणतुणं मी पेटीत जपून दौंडला बी आणलेलं. म्हणलं, "आज्जाची तार लाव. कवा तुटली न्हाई ती."

दीपनं ती तार काढली. तुटक्या तारेची, गिटारीत अडकवायची पितळी गोळी तिच्या टोकाला पिळून बसवली. खुंटी फिरवली.

बसली... जशी काय तिथलीच.

आता एक सांगायला पायजे. हे मी कुणालाच सांगितलं न्हवतं. दीपला बी न्हाई.

शेवटचे तीन महिने साहेबरावांचा आवाज गेला व्हता. घशाचा आजार. एवढा गाणारा माणूस... तोंडातनं नुसती हवा. उशाशी तुणतुणं घेऊन पडून असायचे. एकदा वाजलं की पाणी. दोनदा वाजलं की कूस बदल. तीनदा वाजलं की... जवळ येऊन बस.

पोरं पुण्यात कामाला. ही खूण आमच्या दोघांतच.

शेवटल्या दुपारी तीनदा वाजलं.

मी ओट्यावर बायांना गोष्ट सांगत व्हते. ऐन रंगात आलेली. म्हणलं, एवढी संपवते आन् उठते.

संपवली. बाया हसल्या. मग आत गेले...

बोट तारेवरच व्हतं.

असो.

गिटारीला तार लावली, त्याला तीन दिवस झालते. दुपारचे दोन. दीप भिंतीकडं तोंड करून झोपलेला. गिटार कोपऱ्यात उभी. मी तांदूळ निवडत बसलेले.

टिंग...

पाल गेली असंल. मी थांबले. पाल न्हवती.

मी पाण्याचा तांब्या गिटारीजवळ नेऊन ठेवला. कशाला ठेवला, मलाच ठावं न्हाई. सांजच्याला तांब्या रिकामा. दीप प्याला असंल. त्याला इचारलं न्हाई. इचारायचंच न्हवतं मला.

खरं सांगू? भ्या वाटलं न्हाई. बरं वाटलं. रोज दुपारची वाट बघायला लागले मी.

पण दीपचा आवाज बसला.

आधी वरची पट्टी गेली. मग बोलणं घोगरं झालं. डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं. म्हणला, "घसा चांगला हाय. आराम करा." पंधरा दिवसांत तोंडातनं नुसती हवा.

तशीच हवा...

मी मुक्ताबाईला सांगितलं. ती पोट धरून हसली. "रंभाबाई, मागल्या महिन्यात तुमचं भूत एसटीच्या टपावर बसलं व्हतं. आता गिटार शिकलं व्हय?"

दीपच्या बापाला फोन लावला. "आये, बाबासाहेबांची माणसं आपण. आपल्यात भुतंखेतं मानत न्हाईत. तुझ्या गोष्टी बंद कर आता."

खरंच हाय त्याचं. मी बी मानत न्हाई. म्हंजी देवरशाकडं जायची सोय न्हाई, आन् सांगावं तर कुणी इश्वास ठेवंना. जन्मभर खोटं सांगून माणसं हसवली. आता खरं सांगतेय, तरी हसत्यात. बाईनं जावं कुठं?

जयंतीला सहा दिवस उरले.

दीप सुट्टी टाकून घरीच पडून. दुपारी उठून बसला. ओठ हलले. आवाज न्हाई. डोळ्यांतनं पाणी. मग त्यानं गिटार ओढून घेतली. बाकीच्या अकरा तारांना धक्का बी न लावता बोट त्याच एका तारेवर...

टिंग.

माझ्याकडं बघितलं. मग तांब्याकडं.

ही खूण त्याला कुणी शिकवली?

पाणी दिलं. पक्कड आणली. "दीप्या, तोडू दे ती तार." त्यानं गिटार पोटाशी धरली. मान हलवली. न्हाई. मी हात धरून ओढला. म्हातारीचं बळ ते केवढं. त्याचं बोट हललं...

टिंग. टिंग. टिंग.

पक्कड हातातच ऱ्हायली.

"अवं," मी म्हणलं, "चुकलं माझं. गोष्ट संपवत बसले मी. पण त्याची शिक्षा पोराला नका देऊ. गळाच पायजे तर माझा घ्या. लय बोलून झालं माझं. त्याचं आत्ता कुठं सुरू व्हतंय. पाया पडते तुमच्या..."



मग मी त्याच्याजवळ बसले. गप. माझ्या उभ्या जन्मात एवढी गप मी बसले न्हाई. ऊन भिंतीवरनं सरकत खाली उतरलं. दीपचा डोळा लागला. हाताची पकड सुटली.

तवा तार तोडली.

एवढी ताणलेली तार... तुटताना आवाज झाला न्हाई.

दिवेलागणीला दीप उठला. डोळे चोळले. म्हणला, "आज्जे, च्या टाक की."

मी भुईवर बसून रडले. त्याला कळंचना, का रडतेय. दुपारचं त्याला काय बी याद न्हवतं.

जयंतीला गायला तो. अकरा तारांवर. लोकं म्हणली, साहेबरावच उभे ऱ्हायले. मी टाळी वाजवली न्हाई. हात उचलंना माझा. तार मी शिरूरला जाऊन घोडनदीच्या पुलावरनं सोडून दिली. दीप त्या जागी आता दुसरी तार बी लावत न्हाई.

मी निमोण्याला माघारी आले. इथं गिटार न्हाई. तुणतुण्याला तार न्हाई.

पण दिवाळीपास्नं माझा घसा बसायलाय. डॉक्टर म्हणतो, घसा चांगला हाय. म्हणून दीक्षाला म्हणलं, बस, घाईनं लिहून घे. आता बोलताना मधीच नुसती हवा येती. दीक्षा दोन-दोनदा इचारती, "काय म्हणलीस आज्जी?"

आन् दुपारी ऐकू येतं. तिला न्हाई येत. मलाच येतं.

एक सांगायचं ऱ्हायलंच. तार तोडायच्या आधी, झोपेतच, दीपच्या तोंडातनं...

थांब.

...

तीनदा वाजलं.

दीक्षा, ऱ्हाऊ दे तिथंच. मी उठते.